बाकाखालचं फ्लायव्हील

"बाकाखाले एक फ्लायवील व्हतं. ते कठे गयं?"

झुलाल आबांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण हातातला ग्लास कलंडला होता, गरम चहा पायावर सांडत होता आणि आबांना त्याची शुद्ध नव्हती.

सारिका, त्यांची सून, गॅरेजच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. "कठे जाई?" ती हसून म्हणाली. "कानबाईले घर धुतं ना, तव्हय मी बठ्ठा फ्लायवील डिझेलमा घासात, चांदी रंग मारा, आनि त्या कोपरामा रची ठेवात. कानबाईसमोर इतलं काळंकुट्ट लोखंड बरं दिखस का? तुमना ध्यानमाच उनं नही!"

ध्यानात आलं नव्हतं, हे खरंच. श्रावणात कानबाईच्या सणाआधी खानदेशातल्या बाया घराचा कोपरा सोडत नाहीत. डबे उतरतात, भिंती पुसल्या जातात, पुरुषांना स्वतःची चप्पल सापडत नाही. जळगावातलं हे घर म्हणजे पुढं गॅरेज आणि मागं दोन खोल्या, त्यामुळं सारिकाच्या तारेच्या ब्रशातून गॅरेजही सुटलं नव्हतं. सगळे भाऊबंद येऊन नैवेद्याचे रोट खाऊन गेले, देवीचं विसर्जन झालं, आणि आबांनी कोपऱ्यातला तो चंदेरी ढीग पाहून सुनेचं कौतुकच केलं होतं.

आता ते वाकून बाकाखाली हात फिरवत होते. तिथं भिंतीखेरीज काही नव्हतं. ते उठले, कोपऱ्यात गेले. एकावर एक रचलेली तीन चंदेरी फ्लायव्हील. तिथं दोन असायला हवी होती.

फियाटची तीन चांगली फ्लायव्हील ढिगात होती आणि चौथं, तडा गेलेलं, आबांनी बाकाखाली वेगळं ठेवलं होतं. भिंतीकडं तोंड करून, वर खडूची भलीमोठी फुली मारून. भंगारात द्यायला जीव होत नव्हता, कधीतरी कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून राहिलं होतं. सारिकानं फुली धुतली, तड्यावर रंग चढवला आणि ते तिघांत नेऊन मिसळलं. त्या चौघांतलं एक आबांनी उचललं आणि धुळ्याच्या भूपेंद्र पाटलांच्या जुन्या डुक्कर फियाटला बसवलं. ती फियाट नुकतीच, तोंडातला पेढा संपायच्या आत, धुळ्याच्या रस्त्याला लागली होती. वाटेत काही कुरकुर झाली तर असू दे म्हणून भूपेंद्रच्या शेजारी आबांचा मुलगा समाधान बसला होता.

सारिकाचा नवरा. आबांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आबांच्या गॅरेजचं नाव होतं ते या फ्लायव्हीलमुळंच. जुन्या गाड्यांची फ्लायव्हील म्हणजे मोठा घोळ असतो बघा. ना नंबर, ना कंपनीचं नाव, नुसती जाड लोखंडी चकती आणि कडेला दातांचं कडं. इंजिनाच्या मागं ती बसते, सेल्फ मारला की तिचेच दात फिरतात आणि क्लचही तिच्याच अंगावर दाबला जातो. अशा बेवारस चकत्या गोणपाटात गुंडाळून मालेगाव-धुळ्यापासून माणसं यायची. "आबा, ही कशाची?" आबा दात मोजायचे, भोकांमधलं अंतर बोटांनी मापायचे आणि सांगायचे. ही अँबॅसिडरची. ही जीपची. आणि ही कुठल्या तरी पंपाची दिसते, हिला घरी ने आणि लोणच्याच्या बरणीवर ठेव.

मग शेवटची परीक्षा. चकती तारेनं टांगायची आणि हातोडीनं हलकेच ठोकायची. धड असली तर बराच वेळ घुमते, तडा असला तर भद्द करून गप्प होते. आबा कान देऊन ऐकायचे, सगळं गॅरेज श्वास धरायचं, आणि मग आबा म्हणायचे, "खणखणीत!" त्या एका शब्दावर लोक डोळे मिटून गाडी घेऊन जायचे.

भूपेंद्रसमोरही हे सगळं झालं होतं. त्यानं तर मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं. आबांनी ठोकलं, मान कलती केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "खणखणीत!"

आबांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

दोनेक वर्षं झाली असतील. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग लोखंडाचा नाद. जाडे आवाज अजून येत होते, समोरच्याच्या ओठांवरून बाकीचं जुळत होतं, आणि जिथं जुळत नव्हतं तिथं आबा "हो" म्हणत होते. कुणाला सांगायचं? ज्याचा कान बघून लोक येतात, त्यानं कान गेला म्हणून सांगायचं? ढिगातली तिन्ही फ्लायव्हील त्यांनी कान धड असताना पारखलेली होती, तेव्हा हे वाजवणं म्हणजे नुसता रिवाज, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. आता त्यांना आठवत होतं की क्लच दाबला जातो तो भाग घासताना लोखंडावर निळसर डाग दिसले होते. लोखंड कधीतरी जळाल्याची खूण. तेव्हा ते म्हणाले होते, असतात असे डाग.

त्यांनी खिशातला फोन काढला आणि समाधानला लावला. कानाला धरून काय उपयोग, म्हणून ते पडद्याकडं टक लावून बसले.

"आबा." सारिका समोर येऊन उभी राहिली. "फोन तं आठेच वाजी ऱ्हायना."

बाकावरच्या चिंध्यांखाली समाधानचा फोन होता. तिनं तो उचलून दाखवला. थरथरत होता, दिवा लुकलुकत होता.

"हातभर अंतरवर वाजी ऱ्हायना. तुमले ऐकू उनं नही?"

"गाड्यास्ना आवाजमा..." आबा म्हणाले. गॅरेजमध्ये एकही गाडी चालू नव्हती. रस्ताही दुपारचा सुस्त होता.

सारिकाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "काय झायं, आबा? खरं सांगा."

आबांनी सांगितलं. जेवढं लोखंडाचं होतं, तेवढं सांगितलं. रंग, फुली, तडा. फिरताना तडा उघडत जातो. गाडी वेगात असताना फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे झाकण फोडून थेट पुढच्या माणसांच्या पायांत येतात. हे सांगायची गरज नव्हती, पण तोंडातून निघून गेलं.

सारिकानं कोपऱ्यातल्या ढिगाकडं पाहिलं. "मी... मी रंग मारा," ती पुटपुटली.

"तुन्ही काय चूक? तू घर धुतं. पारखीसन देनं मन्हं काम व्हतं." आबा तारेचा आकडा शोधायला लागले. "थांब. ह्या तीनमा जर फुटेल निंघनं, तं गाडीमातलं चांगलं शे. पहिले खात्री करूत. उगाच बोंब कसाले?"

"खात्री?" सारिका पुढं आली. एवढ्या वर्षांत सासऱ्यापुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता. "मन्हा नवरा त्या गाडीमा बशेल शे, आनि तुम्ही खात्री करतस? पहिले गाडी थांबाडा! खात्री मग करा!"

समाधानच्या फोनचं कुलूप तिला ठाऊक होतं. तिनं भूपेंद्रचा नंबर काढून लावला. बेल जात होती, जात होती, आणि बंद होत होती. त्या डबड्या गाडीच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू येणार? तिनं चार-पाचदा लावला. मग पारोळ्याला भावाला लावला. बबलूचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान होतं. धुळ्याला जाणारी गाडी त्याच्या दारावरूनच जायची.

"भाऊ, दुकानमातून रस्तावर जाय. आते लगेच. एक जुनी गोल फियाट ई, मोतिया रंगनी. ती थांबाडनी. आडवा उभा ऱ्हाय, काहीबी कर." मग ती आबांकडं वळली, ओठ नीट दिसतील अशी. कधीपासून ती हे करायला लागली होती, तिचं तिलाही कळलं नव्हतं. "तो विचारस, थांबाडीसन त्यास्ले काय सांगू?"

आबांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. "सांग, पेट्रोलना पाइप कसायेल नही..."

सारिका नुसती बघत राहिली. फोन तिच्या हातात तसाच होता.

"नको," आबा म्हणाले. "सांग, झुलाल आबानं सांगं शे, गाडी बंद करा. ढकलीसन बाजूले ल्या, पन चालू करू नका. कारण आबा येईसन सांगतीन."

ती बोलली आणि फोन ठेवला. आता वाट बघणं आलं. बबलू हायवेवर उभा होता. गाडी पारोळ्यापर्यंत धड पोहोचणार होती की फ्लायव्हील वाटेतच फुटणार होतं, देवाला ठाऊक.

आबांनी पहिलं फ्लायव्हील टांगलं. हातोडी घेतली, ठोकलं. हातात झिणझिणी आली, कानात काहीच नाही. त्यांनी सुनेकडं पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तू ऐक," ते म्हणाले. "आवाज ऱ्हाई तवलोंग हात वर धर."

सारिकानं हात वर धरला. आबा कानाऐवजी त्या हाताकडं बघत राहिले. हात बराच वेळ वर होता. दुसऱ्या फ्लायव्हीललाही तेवढाच. तिसऱ्यालाही तेवढाच, किंबहुना जरा जास्तच.

"तिन्ही खनखन वाजतस," ती रडवेली झाली. "पन माले काय समजस, आबा? मी फुटेल कधी ऐकंच नही!"

मग दुसरा उपाय. थिनर ओतून त्यांनी तिन्हींचा रंग खरवडून काढला. सारिकानंच ब्रश चालवला, ज्या ब्रशानं तिनं ती चकचकीत केली होती त्यानंच. डिझेल कोमट करून तिन्ही त्यात बुडवली. डिझेल तड्यात शिरतं. मग ती कोरडीठक्क पुसायची आणि वर चुन्याचा पातळ हात द्यायचा. तडा असेल तिथं आतलं डिझेल हळूहळू चुन्यात उतरतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. भिंतींना देऊन उरलेला चुना घरात होता. तिनं तो थिनरमध्ये कालवून आणला.

तिन्ही फ्लायव्हील ओळीनं मांडून सासरा-सून त्यांच्यासमोर उकिडवे बसले. चुना वाळला. आबांनी जन्मभर फ्लायव्हीलला तडा नसावा म्हणून देवाची करुणा भाकली होती. आज ते, कुठंतरी एक रेघ दिसू दे, एवढंच मागत होते. भोकांच्या कडेला, दातांच्या बुडाशी, कुठंही. नजर लावून लावून डोळ्यांत पाणी आलं.

तिन्ही पांढरीफेक राहिली.

"म्हनजे तेच बसाडं," आबा म्हणाले.

सारिकानं बबलूला पुन्हा फोन केला. "उनी नही आजून," तो म्हणाला. "मी रस्तावरच शे. पन ताई, वाटमाच काही झायं व्हई तं?"

आबांनी त्या तिघांतलं एक फ्लायव्हील पुसलं, टॉवेलात बांधलं, आणि दोघं स्टँडवर पोहोचली. धुळ्याची एसटी लागलेलीच होती. आबा खिडकीशी बसले, मांडीवर गाठोडं. कंडक्टरनं गाठोड्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

"हो," आबा म्हणाले.

"अहो, हो काय? काय आहे विचारतोय!"

"लोखंड शे दादा, गाडीनं," सारिकानं सांगितलं.

पाळधी मागं पडलं. दोन्ही बाजूंना केळीची बनं आणि कपाशी. सारिका काहीतरी म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडं होतं.

"हो," आबा म्हणाले.

ती वळली. "मी विचारं, कव्हयपासून ऐकू येत नही. आनि तुम्ही हो म्हनतस." तिचे डोळे भरले होते, पण आवाजात धार होती. "घरमा चार मानसं शेत, आबा. एकलेबी सांगता उनं नही? इतली कशानी लाज?"

आबांना प्रत्येक शब्द ओठांवरून कळला. ते टॉवेलाची गाठ घट्ट करत राहिले. ती कधीचीच घट्ट होती.

एरंडोलच्या अलीकडं सारिकाच्या हातातला फोन उजळला. तिनं घाईनं कानाला लावला आणि ऐकत राहिली. एकदम तिनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले.

आबांना तिचे ओठ दिसत नव्हते. नुसते हलणारे खांदे दिसत होते. पुढच्या बाकावरची बाई वळून बघत होती. "काय झायं?" आबांनी विचारलं. "सारिका, काय झायं?" तिनं एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि ती रडतच फोनमध्ये बोलत राहिली. आबांना वाटलं, आपला पोरगा गेला. आपण "खणखणीत" म्हणालो आणि आपला पोरगा गेला. मांडीवरच्या लोखंडाचा भार एकाएकी इतका झाला की पाय बधिर झाले.

सारिकानं पदर काढला. "थांबाडी," ती म्हणाली. "बबलूनी थांबाडी. दोन्ही बरा शेत."

आबांनी मान हलवली.

दोघं पारोळ्याला पोहोचली तेव्हा फियाट बबलूच्या दुकानापुढं जॅकवर उभी होती. कारण माहीत नसतानाही समाधाननं खालून काम सुरू केलं होतं. आबांनी थांबायला सांगितलं आणि गाडीत बदललेली एकच वस्तू होती, एवढं त्याला पुरेसं होतं. गिअरबॉक्स खाली उतरला होता. भूपेंद्र पाटील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता आणि त्याचा चेहरा तापलेला होता. सारिका पुढं गेली आणि नवऱ्याच्या ग्रीसनं माखलेल्या दंडाला, सगळ्यांसमोर, घट्ट धरून उभी राहिली.

समाधाननं फ्लायव्हील काढून आणलं. इथं चुन्याची गरजच पडली नाही. चिंधीनं पुसल्यावर बोल्टच्या भोकापासून कडेच्या दातांपर्यंत काळी रेघ उघड दिसत होती. समाधाननं तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच अडकलं. तो खाली बसला.

"एरंडोल सोडल्यापासून क्लच दाबला की पायाला हादरे येत होते," भूपेंद्र हळूच म्हणाला. राग कुठल्या कुठं गेला होता. "मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. मी तर आणखी दाबत होतो."

मग तो आबांकडं वळला. "पण मिस्तरी, तुम्ही माझ्यासमोर वाजवून दाखवलंत. माझ्या मोबाइलमध्ये आहे. खणखणीत म्हणालात."

समाधाननंही मान वर केली. "हा ना, आबा. वाजाडीसन देखं व्हतं ना तुम्ही?"

बबलू, त्याच्याकडं हवा भरायला थांबलेले दोघे-तिघे, सगळे आबांकडं बघायला लागले. सुटायची वाट होती. वाजवताना तडा बारीक असेल, वाटेत वाढला असेल, असं म्हणता आलं असतं आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. सारिकाच्या नजरेत काही मागणं नव्हतं. ती फक्त बघत होती.

"वाजाडं व्हतं, भाऊ," आबा म्हणाले. "माले ऐकू उनं नही."

बबलूनं हवेची नळी बंद केली.

"दोन वरीस झायात," ते पुढं म्हणाले आणि मग भूपेंद्रसाठी शहरी मराठीत, "मला ऐकू येत नाही, पाटील. मी तुम्हाला फसवलं. हे दुसरं फ्लायव्हील चांगलं आहे. चुना लावून पाहिलंय, सुनेनं कानानं ऐकलंय. बसवायचं की नाही ते तुम्ही सांगा."

भूपेंद्रनं कपाळ पुसलं. त्यानं टॉवेलातलं फ्लायव्हील बघितलं, समाधानकडं बघितलं. "समाधान बसवणार असेल तर बसवा," तो म्हणाला. आबांकडं बघून नाही.

आबा बाजूला पडलेल्या ट्रकच्या टायरवर जाऊन बसले. बबलू चहा घेऊन आला. हा पोरगा आबांसमोर नेहमी खाली मान घालून, पुटपुटल्यासारखं बोलायचा. आज तो त्यांच्या कानाशी वाकला आणि लहान पोराला हाक मारावी तसा ओरडला, "चहा ल्या आबाऽऽ! चहाऽऽ! साखर चाली काऽऽ?"

हायवेवरून सायकलवर चाललेला माणूस वळून बघत गेला. आबांनी कप घेतला. हवा भरून झालेला एक जण दुसऱ्याला खूण करून सांगत होता, कानाकडं बोट दाखवून.

समाधान हात पुसत आला. आबांच्या बाजूला उभा राहून त्यानंही तोंड उघडलं, मोठ्यानं बोलायला श्वास घेतला, आणि थांबला. मग तो फिरून समोर आला, मातीत उकिडवा बसला, आबांच्या तोंडासमोर तोंड येईल असा, आणि आबा आपल्याकडं बघेपर्यंत थांबला.

"बसाडू का, आबा?" त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं.

"बसाड," आबा म्हणाले.